पिकांचे रोगनिदान आणि शेतकऱ्याची साक्ष

(शेतकरी व शेतमजूर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पिकावर रोग पडला की तो प्रथम कोणाला दिसतो, या साध्या प्रश्नापासून आजच्या विषयाला सुरुवात करणे योग्य होईल. खुरपणीच्या पाथीत वाकून चालणाऱ्या बाईला तो दिसतो. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला गेलेल्या गड्याला दिसतो. सकाळी बांधावरून चक्कर मारणाऱ्या शेतकऱ्याला दिसतो. कोणत्या सरीत पहिले पान पिवळे पडले, त्याच्या आदल्या आठवड्यात आभाळ कसे होते, दव किती पडले, शेजारच्या वावरात गेल्या वर्षी काय होते, हे सारे या माणसांना ठाऊक असते. पण रोगाचे निदान करण्याची वेळ आली की यांपैकी कोणाचीही साक्ष काढली जात नाही. शेतकरी एक वाळलेले पान खिशात घालून तालुक्याच्या गावी जातो, कृषी सेवा केंद्राच्या फळीवर ते पान ठेवतो आणि दुकानदार मागच्या कपाटातून एक बाटली काढून त्याच्या हाती देतो. या सबंध व्यवहारात प्रश्न एकच विचारला जातो. तो म्हणजे, रोख की उधार?

रोगाचे निदान हा केवळ शास्त्राचा विषय आहे आणि कार्यकर्त्यांनी हमीभाव, कर्ज व मजुरी एवढेच प्रश्न हाताळावेत, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. परंतु चुकीच्या निदानाची किंमत शेतकऱ्याच्या कर्जात जमा होते आणि शेतमजुराच्या शरीरातून वसूल होते. म्हणून हा विषय आपलाही आहे. शेतात झालेल्या निरीक्षणाला निदानाच्या कामात कोणते स्थान असावे, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्याला संघटित रूप कसे देता येईल, या तीन अंगांनी त्याचा विचार करावयाचा आहे.

शास्त्राच्या आधी शेतकरी

वनस्पतिरोगशास्त्राचा इतिहास पाहिला तर शेतकऱ्याच्या निरीक्षणाने शास्त्राला वाट दाखविल्याची ठळक उदाहरणे आढळतात. गव्हावरील तांबेऱ्याचे उदाहरण घ्या. बार्बेरी नावाचे एक काटेरी झुडूप युरोपात कुंपणाला लावीत. आपल्याकडील दारुहळदीच्या कुळातले हे झाड. या कुंपणालगतचा गहू तांबेऱ्याने अधिक खराब होतो, असे तेथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले होते. अमेरिकेतील कनेक्टिकट वसाहतीने तर १७२६ मध्ये बार्बेरीचे उच्चाटन करण्यासाठी कायदा केला. त्या वेळी तांबेरा बुरशीमुळे होतो, हेही कोणी सिद्ध केलेले नव्हते. अनेक विद्वानांनी शेतकऱ्यांचे हे म्हणणे अडाणी समजूत म्हणून बाजूला सारले. डेन्मार्कमधील शोलर नावाच्या एका ग्रामशिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बार्बेरीच्या पानावरील तांबूस भुकटी धान्याच्या रोपावर चोळून रोग उत्पन्न करून दाखविला, तरी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. अखेर १८६५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी सप्रमाण दाखवून दिले की, ही एकच बुरशी आपल्या आयुष्याचा काही काळ बार्बेरीवर आणि काही काळ गव्हावर काढते. कनेक्टिकटच्या कायद्यानंतर शास्त्राला तेथपर्यंत येण्यास एकशे एकोणचाळीस वर्षे लागली!

दुसरे उदाहरण बोर्डो मिश्रणाचे. आपल्या द्राक्षबागायतदारांना हे नाव घरचे आहे, परंतु त्याची जन्मकथा फारशी सांगितली जात नाही. अमेरिकेतून आलेला केवडा रोग १८७८ च्या सुमारास फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत पसरला आणि वेलींची पाने अकाली झडू लागली. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे हे ऑक्टोबर १८८२ मध्ये मेदॉक भागातून जात असता त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मळ्यांतील बाकीच्या वेली निष्पर्ण झाल्या होत्या, मात्र रस्त्याकडेच्या वेलींवर पाने टिकून होती व त्यांच्यावर निळसर पांढरा थर होता. चौकशी केल्यावर कळले की, येणारे-जाणारे द्राक्षे तोडून नेतात म्हणून मळेवाले कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. फळ विषारी दिसले की चोर हात लावीत नाही. मिलार्दे यांनी या शिंपडण्याचे प्रयोग केले, रसायनशास्त्रज्ञ गेयाँ यांच्या साहाय्याने प्रमाण बसविले आणि १८८५ मध्ये ते जाहीर केले. पुढे जगभर वापरले गेलेले हे बुरशीनाशक असे मळेवाल्यांच्या एका युक्तीतून निघाले. मिलार्दे यांचे श्रेय त्यामुळे उणावत नाही. रस्त्याकडेच्या वेलीपाशी थांबून मळेवाल्याला प्रश्न विचारण्याची बुद्धी त्यांना झाली, हेच त्यांचे मोठेपण होय.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. मलनाड, गोवा आणि दक्षिण कोकण येथील सुपारीच्या बागांना पावसाळ्यात कोळेरोग जडतो, कोवळी सुपारी कुजून गळते. सततच्या पावसाने घड भिजला की रोग येतो, हे तेथील बागाईतदारांनी ओळखले होते. म्हणून पावसापूर्वी झाडावर चढून प्रत्येक घडावर गवताची किंवा पोयीची टोपी बांधण्याची प्रथा मलनाडात रूढ होती. म्हैसूर संस्थानातील शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी १९१० च्या सुमारास या रोगाचा सांगोपांग अभ्यास केला, तो फायटोफ्थोरा या सूक्ष्म जीवामुळे होतो हे दाखविले आणि बोर्डो मिश्रणाची शिफारस केली. फ्रान्समधील द्राक्षमळेवाल्यांची युक्ती अशा रीतीने मलनाडच्या सुपारीपर्यंत आली. बागाईतदाराला रोगजंतू ठाऊक नव्हता. परंतु रोग केव्हा येतो आणि कशामुळे अडतो, हे त्याने बरोबर हेरले होते, आणि शास्त्रज्ञाचा उपायही पावसापूर्वी घडाचे रक्षण करण्याचाच होता.

निरीक्षणाच्या मर्यादा

एवढ्यावरून शेतकरी म्हणतो ते सारे बरोबर, असा निष्कर्ष कोणी काढला तर ती भाबडी शेतकरीभक्ती ठरेल. बार्बेरीचेच उदाहरण पुढे नेऊ. युरोपातील शेतकऱ्याचे निरीक्षण युरोपापुरते खरे होते. भारतात मात्र आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे संशोधन करून दाखविले की, येथे तांबेऱ्याच्या दरवर्षीच्या फैलावात बार्बेरीचा वाटा नाही. मैदानी प्रदेशातील उन्हाळ्यात या बुरशीचे बीज मरून जाते. ते उंच व थंड डोंगराळ भागात टिकून राहते आणि वाऱ्याबरोबर पुन्हा मैदानात उतरते. शेकडो मैलांचा हा प्रवास कोणत्याही एका शेताच्या बांधावरून दिसणे शक्य नव्हते. त्यासाठी ठिकठिकाणच्या नोंदी एकत्र कराव्या लागल्या.

मध्य अमेरिकेतील होंडुरास या देशात जेफ्री बेंटली या मानववंशशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात तेथील गरीब शेतकऱ्यांच्या ज्ञानाचा अभ्यास केला. जे डोळ्यांना सहज दिसते आणि जे जीवनात महत्त्वाचे आहे, त्याविषयी शेतकऱ्यांचे ज्ञान सखोल असते. जे दिसण्यास कठीण आहे, त्याविषयी ते अपुरे अथवा चुकीचे असते, असा त्यांच्या अभ्यासाचा सारांश आहे. बुरशीचे तंतू, जिवाणू, विषाणू आणि अळीच्या पोटात अंडी घालणारी परोपजीवी माशी या दुसऱ्या वर्गात मोडतात. येथे सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही.

आपल्या भाषेतील रोगांची नावे या दृष्टीने तपासण्याजोगी आहेत. डाळिंबावरील ‘तेल्या’ हे नाव म्हणजे एक अचूक निरीक्षण आहे. पानावर व फळावर प्रथम तेलकट, पाणीदार डाग दिसतो आणि जिवाणूजन्य रोगाची ती महत्त्वाची खूण आहे. ‘भुरी’ हे नावही तसेच. पानावर पीठ भुरभुरल्यासारखी बुरशी दिसते. परंतु ‘करपा’ या शब्दाने मोठा घोटाळा होतो. भातावरील करपा बुरशीमुळे होतो, तर कडा करपा जिवाणूमुळे होतो. ‘केवडा’ हा शब्द तर याहून फसवा. बाजरीवरील आणि द्राक्षावरील केवडा बुरशीवर्गातील जीवांमुळे होतो. भेंडीवरील केवडा विषाणूमुळे होतो व तो पांढरी माशी पसरविते. शेतकरी दुकानात जाऊन ‘केवड्याचे औषध द्या’ म्हणाला आणि दुकानदाराने बुरशीनाशक दिले, तर बाजरीवर कदाचित उपयोग होईल. भेंडीवर ते पाण्यासारखे वाया जाईल. विषाणू झालेल्या झाडाला बरे करणारे औषध शेतकऱ्यापाशी नाही. रोगट झाडे आरंभीच उपटणे, माशीला आवर घालणे आणि प्रतिकारक वाण पेरणे एवढेच हाती असते. शेतकऱ्याचा शब्द हा निदानाचा आरंभ मानावा. तोच शेवट मानला की फसगत होते.

शेताला विचारावयाचे प्रश्न

मग निरीक्षण करायचे म्हणजे नेमके काय करायचे? वैद्य रोग्याला विचारतो तसे काही प्रश्न शेताला विचारावे लागतात. रोग शेतभर सारखा आहे, की ठिगळाठिगळांनी आहे, की एखाद्या बाजूने आत येत आहे? प्रथम खालची जून पाने बिघडली की शेंड्याची कोवळी? एकाच पिकावर आहे की बांधावरच्या तणावरही आहे? पानाच्या खालच्या बाजूला काय दिसते? मूळ कसे आहे? दहा दिवसांपूर्वी पाऊस, धुके किंवा थंडी होती काय? या जमिनीत गेल्या दोन-तीन वर्षांत काय पेरले होते? कोणते खत, कोणती फवारणी, कोणते बियाणे? या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर खिशातल्या वाळक्या पानाला देता येत नाही. उत्तरे देणारी माणसे शेतात आहेत.

कपाशीवरील लाल्याचे पाहा. पाने लाल पडली की रोग आला असे समजून शेतकरी फवारणीला धावतो. परंतु लाल्या हा पुष्कळदा जंतूंचा रोगच नसतो. नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमतरता, बोंडे भरण्याच्या काळात झाडावर पडणारा ताण, जमिनीत साचलेले पाणी किंवा ओलाव्याचा अभाव, रात्रीच्या तापमानात एकाएकी झालेली घट, अशी अनेक कारणे त्याच्या मागे असतात. मॅग्नेशियम कमी पडले की खालची पाने प्रथम लाल होतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. तुडतुड्यांमुळे लाली आली असेल तर ती पानाच्या कडेपासून सुरू होते, कडा खाली मुडपतात आणि पान उलटून पाहिले की तिरके चालणारे तुडतुडे दिसतात. पहिल्या प्रकाराला अन्नद्रव्य हवे, दुसऱ्याला किडीचा बंदोबस्त. हा फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पान उलटून पाहणारा आणि कोणती पाने आधी बिघडली हे लक्षात ठेवणारा माणूस पुरतो. तो नसला म्हणजे अन्नाच्या भुकेवर विषाचा फवारा होतो.

तुरीवरील मर हे आणखी एक उदाहरण. मर फ्युजेरियम या बुरशीमुळे होतो, हे पुसा येथील संशोधन संस्थेतील बटलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या अभ्यासातून पुढे आले. हा रोग ठिगळांनी येतो आणि तेच ठिगळ पुढच्या वर्षी मोठे होते, हे मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकऱ्याला दिसते. कारण ही बुरशी जमिनीत राहिलेल्या धसकटांवर वर्षानुवर्षे जगते. मेलेल्या झाडाचे खोड उभे चिरले की आत काळपट रेषा दिसते. या जंतूला वरून मारलेली कोणतीही फवारणी पोहोचत नाही. उपाय आहे तो पीक बदलण्याचा, धसकटे वेचण्याचा, प्रतिकारक वाण पेरण्याचा आणि ज्वारीबरोबर तूर घेण्याचा. बदनापूरच्या संशोधन केंद्राने दिलेले ‘बीएसएमआर ७३६’ हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांना प्रतिकारक आहे. ज्वारी-तुरीचे मिश्र पीक तर आपल्या आज्या-पणज्यांचे. ज्वारीत घेतलेल्या तुरीला मर कमी लागतो, असे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतील प्रयोगांतही १९८० च्या दशकात दिसून आले. सलग तुरीचा आग्रह धरणाऱ्यांनी ती पद्धत मागासलेली म्हणून मोडीत काढली होती.

एक परीक्षा तर कोणालाही घरी करता येईल. वांगी किंवा टोमॅटोचे हिरवे झाड एकाएकी माना टाकते, तेव्हा ती मर बुरशीची की जिवाणूची, हा प्रश्न पडतो. खोडाचा बुडाजवळचा तुकडा स्वच्छ कापून काचेच्या पेल्यातील नितळ पाण्यात टांगून धरावा. काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरू लागला तर रोग जिवाणूचा समजावा. एका पेल्याने बुरशीनाशकाचा निरर्थक खर्च वाचतो.

सल्ला आणि विक्री एकाच हाती

एवढे साधे निदान गावोगाव का होत नाही, याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधणे सोपे आहे, पण ते खरे नाही. खरे उत्तर सल्ल्याच्या बाजारात आहे. माणसाच्या आजारात तपासणारा डॉक्टर आणि औषधाचा दुकानदार हे निदान वेगळे असावेत, अशी अपेक्षा असते. पिकाच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी सल्ला देणारा आणि औषध विकणारा हा एकच इसम आहे. ‘काही फवारू नका, पाण्याचा निचरा करा’ हा सल्ला कितीही योग्य असला तरी त्यातून त्याला एक पैसाही सुटत नाही. दुकानदाराला खलपुरुष ठरविण्याचे कारण नाही. त्याच्यावर कंपनीच्या विक्रीचा बोजा असतो, आणि बँक ज्याला दारात उभे करीत नाही अशा शेतकऱ्याला तोच हंगामभर उधार देतो. परंतु ज्याचे देणे आहे त्याचा सल्ला नाकारण्याचे बळ शेतकऱ्यात राहत नाही. निदान नक्की नसल्यामुळे दोन-तीन औषधे एकत्र करून मारण्याची रीत पडते. त्यांतले एखादे तरी लागू पडेल, ही आशा!

या आशेची किंमत २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी माणसाच्या उंचीला गेलेली, हवेत दमटपणा, अनेक औषधांची मिश्रणे, तोंडाला साधा रुमाल. या घटनेनंतर मुखवटे आणि हातमोजे यांची पुष्कळ चर्चा झाली व ती आवश्यकही होती. परंतु त्या शेतात त्या दिवशी ती फवारणी करण्याची गरज होती काय, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला. पाठीवर पंप घेणारा माणूस बहुधा मजूर असतो. निदान करण्यात त्याला मत नसते. चुकीचे निदान मात्र त्याच्या अंगावर उडते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील चार कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात स्थापन झाली आणि त्यांच्या कामातून शेतकऱ्याला चांगले वाण मिळाले. सोयाबीनवर २००८ मध्ये अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यावर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. ठरावीक शेतांत ठरावीक दिवशी मोजणी करावयाची आणि तीवरून सल्ला द्यावयाचा, ही तिची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. केंद्र सरकारने २००४ मध्ये दूरध्वनीवरून सल्ला देणारी केंद्रे उघडली आणि २०२४ मध्ये पानाचे छायाचित्र पाहून कीड ओळखणारी संगणकीय व्यवस्था सुरू केली. या साधनांचे स्वागत केले पाहिजे. मात्र या सर्वांत शेतकऱ्याची भूमिका माहिती पुरविणाऱ्याची आणि संदेश घेणाऱ्याची आहे. विचार करणारा दुसरीकडे बसला आहे. छायाचित्रात पान दिसते, मुळे दिसत नाहीत. आजचा डाग दिसतो, गेल्या वर्षीचे ठिगळ दिसत नाही. ते यंत्राला सांगावयाचे तर सांगणाऱ्याला काय पाहावे हे आधी कळले पाहिजे.

इंडोनेशियाचा धडा

हे कळणे शक्य आहे, याचा पुरावा इंडोनेशियाने दिला. तेथे भातावरील तपकिरी तुडतुड्यांनी वारंवार धुमाकूळ घातला. सरकार कीटकनाशकांवर भरघोस अनुदान देत होते आणि फवारणी वाढेल तसे तुडतुडेही वाढत होते. कारण त्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक विषाने आधी मरत. शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावर ५७ कीटकनाशकांचा वापर बंद करण्यात आला आणि पुढे अनुदानही काढून घेण्यात आले. १९८९ पासून गावोगाव शेतशाळा भरू लागल्या. वीस-पंचवीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला एका शेतात उतरत, झाडे मोजत, कीटक मोजत, कागदावर पिकाचे चित्र काढत आणि आपसांत वाद घालून या आठवड्यात काय करावयाचे ते ठरवीत. शिकविणारा उत्तर सांगत नसे. ‘तुम्हांला काय दिसले?’ असे विचारीत असे. पुढील दहा वर्षांत दहा लाखांहून अधिक शेतकरी या शाळांतून गेले. या शेतकऱ्यांनी शास्त्र नाकारले नाही. शास्त्राची रीत त्यांनी आपल्या बांधावर आणली.

या देशाची राजवट हुकूमशाहीची होती, हेही विसरता कामा नये. आदेश काढणे तिला सोपे गेले. आपल्याला हेच काम गावाची संमती मिळवून करावयाचे आहे.

कार्यकर्त्यांचे काम

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक गावात एका वहीत पीक, पेरणीची तारीख, रोग प्रथम दिसल्याचा दिवस व जागा, हवामान, केलेला उपाय आणि त्याचा परिणाम लिहून ठेवावा. दोन-तीन हंगामांत ही वही गावाची मोठी ठेव होईल. शेजारच्या दहा गावांच्या वह्या एकत्र ठेवल्या तर रोग कोठून कोठे सरकतो ते दिसेल.

दुसरे काम आठवड्याच्या शेतफेरीचे. या फेरीत खुरपणी करणाऱ्या स्त्रिया आणि फवारणी करणारे मजूर असलेच पाहिजेत, कारण झाडाजवळ सर्वांत अधिक वेळ तेच असतात. त्यांचा रोज बुडता कामा नये. फेरीच्या वेळेची मजुरी शेतमालकांनी वाटून द्यावी. ज्ञान फुकट घ्यावयाचे आणि श्रमाला मोल द्यावयाचे नाही, ही जुनी रीत आपल्या कार्यक्रमात शिरू देऊ नये.

तिसरे, कोणताही उपाय करताना दोन-चार ओळी मुद्दाम तशाच सोडाव्यात. फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींत फरक दिसला नाही, तर पैसे वाया गेले हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागणार नाही. प्रयोगशाळेत याच तत्त्वावर काम चालते.

चौथे, शंका असेल तेथे नमुना कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे पाठवावा, आणि नीट पाठवावा. एक निरोगी, एक नुकतेच रोग लागलेले व एक पुरते रोगट, अशी तीन झाडे मुळांसकट कागदात गुंडाळून, वहीतील नोंदीसह न्यावीत. कुजलेल्या पिशवीतून कोणत्याही शास्त्रज्ञाला निदान करता येणार नाही. पुष्कळ शास्त्रज्ञ कळकळीचे असतात. त्यांच्यापुढे चांगला नमुना आणि चांगली नोंद गेली की ते आपल्या बाजूने उभे राहतील.

पाचवे, जे औषध गावात करता येते ते गावाने शिकून घ्यावे. एक टक्का बोर्डो मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी लागते. मोरचूद आणि चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या पिंपांत निम्म्या-निम्म्या पाण्यात विरघळवून मग मिसळावेत, लोखंडाचे भांडे वापरू नये. तयार मिश्रणात लोखंडी सळई किंवा पाते बुडवून पाहावे; त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. मात्र हेही औषधच आहे. ते रोग येण्यापूर्वी उपयोगी पडते, सर्वच पिकांना सोसत नाही आणि वर्षानुवर्षे अति वापरले तर तांबे जमिनीत साचते.

याबरोबर मागण्याही आहेत. औषध विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने रोगाचे नाव, औषधाचे नाव, ते देण्याचे कारण आणि मात्रा मराठीत लिहून दिली पाहिजे. आठवडी बाजाराच्या दिवशी सरकारी कृषी अधिकाऱ्याने झाड तपासून देण्यासाठी बसले पाहिजे. ज्या गावाच्या शेतांतून निरीक्षणे गोळा होतात, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे त्यांचे निष्कर्ष ठेवले गेले पाहिजेत. क्रॉपसॅपसारख्या योजनेतील सर्वेक्षकांना स्थैर्य मिळाले पाहिजे; ज्याला पुढच्या हंगामात काम असेल की नाही हेच ठाऊक नाही, तो गावाची स्मृती कशी सांभाळणार?

या कार्यक्रमाने शेतीमालाचा भाव वाढणार नाही किंवा सावकाराचे देणे फिटणार नाही, असा आक्षेप येईल आणि तो खराच आहे. हा कार्यक्रम भावाच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही. परंतु निरर्थक फवारणीचा खर्च टळला तर कर्जाचा एक भाग मुळातच उभा राहत नाही. पाठीवरचा पंप एका अनावश्यक दिवसापुरता उतरला तर मजुराचा दमही वाचतो. शेतकऱ्याला विद्या मिळाली पाहिजे, असे महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ मधील ग्रंथात कळकळीने मांडले. त्या विद्येत शेतकऱ्याच्या आणि शेतमजूर स्त्रीच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींनाही स्थान आहे, एवढी भर त्यात आपण घालावी. येत्या खरिपात प्रत्येक शाखेने निदान एका गावात नोंदवही सुरू करावी आणि पहिली फेरी पेरणीनंतर तिसऱ्या आठवड्यात काढावी, इतका निश्चय या वर्गात झाला तरी पुष्कळ झाले.